कुरडई आणि हिरवी पट्टी

मार्च लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक नोटीस येते. 'टेरेसवर कोणीही खाद्यपदार्थ वाळत घालू नयेत. सोलर पॅनलच्या मेन्टेनन्सला अडचण होते.' खाली पटापट अंगठे. बाळकुमच्या या सत्तावीस मजली इमारतीत गच्चीवर वाळवण घालायला जाणार आहे कोण, हा प्रश्न मला दरवर्षी पडतो. इथे माणसं लिफ्टपर्यंत चालायचा कंटाळा करतात. पण यंदा नोटीस आली आणि दुसऱ्याच दिवशी समोरच्या विंगमध्ये, एकविसाव्या मजल्यावर, कपडे वाळत घालायच्या स्टँडवर पांढरं काहीतरी गोल गोल मांडलेलं दिसलं. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. कुरडया! मी बाल्कनीत उभ्या उभ्या टाळी वाजवली. कोणीतरी ऐकत नाहीये म्हणायचं. बरं वाटलं.

त्या दिवशी ऑफिसात काही सुचेना. वेबसाइट बनवणं हा माझा वीस वर्षांचा धंदा. शेजारच्या टेबलावर सिद्धी बसते, वय तेवीस. तिने माझ्या डोळ्यांदेखत एका पानावर उड्या मारणारी पिशवी टाकली. चार ओळी लिहिल्या, पिशवी उडायला लागली. सगळ्या ब्राउझरमध्ये, सगळ्या फोनवर. मी म्हटलं, "आमच्या वेळी एवढ्यासाठी लोक नापास व्हायचे." तिने कानातला इअरफोन काढला. एवढा मान ती मला एरवी देत नाही.

"ॲनिमेशन टाकायला प्रॉब्लेम काय होता पण, सर?"

काय होता! अगं बाई, बस जरा.

तेव्हा ॲनिमेशन म्हणजे फ्लॅश. हलणारं चित्र वेगळ्या फाइलमध्ये बनवायचं आणि पानात बसवायचं. बसवायला 'एम्बेड' नावाचा एक टॅग होता. सोपा, सुटसुटीत, सगळीकडे चालायचा आणि सगळे तोच वापरायचे. भानगड एवढीच, की पान कसं लिहावं याचे जे जगभर ठरलेले नियम होते त्यात एम्बेडचं नावच नव्हतं. नियमात होता 'ऑब्जेक्ट'. पण ऑब्जेक्ट ज्या पद्धतीने सगळे लिहायचे त्यात एक भलामोठा आकडा घालावा लागे. तो आकडा एका ब्राउझरला कळायचा, दुसरा त्याच्याकडे ढुंकून बघायचा नाही. म्हणजे नियम पाळा तर चित्र हलेना, चित्र हलवा तर नियम मोडतोय. कोणाला काय फरक पडत होता, असं सिद्धीने विचारलं. फरक आमच्या पाध्ये सरांना पडत होता.

पाध्ये सरांचा क्लास डोंबिवली पश्चिमेला, एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर. खालून घरघर यायची आणि कीबोर्डवर दुपारपर्यंत पिठाचा बारीक थर बसायचा. सर पूर्वी एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. रेघ म्हणजे रेघ, माप म्हणजे माप. क्लासमध्ये इंटरनेट एकाच मशीनवर, आणि त्या मशीनचा मुख्य उपयोग म्हणजे पानाची तपासणी. आपला कोड एका साइटवर टाकायचा. सगळं नियमात असेल तर वर हिरवी पट्टी यायची, नसेल तर लाल पट्टी आणि खाली चुकांची यादी. सरांचा कायदा साधा होता. पान दोन्ही ब्राउझरमध्ये हललं पाहिजे आणि पट्टी हिरवी आली पाहिजे. एकही लाल ओळ आली तर ऑक्टोबरला परत बसा. "चालतंय ना मग, सर," असं एकदा मी म्हणालो होतो. सर म्हणाले, "वायर उघडी असली तरी दिवा लागतोच, मंदार."

क्लासच्या परीक्षेच्या त्या मार्चमध्ये माझ्या शेजारच्या मशीनवर शैलाकाकू बसायच्या. आम्ही तेव्हा कोपरला राहायचो, त्याच बिल्डिंगमधल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या. वय अठ्ठेचाळीस, साडी नेसून, चष्म्याला दोरी लावून, वहीत समास आखून. त्यांना क्लासला मीच आणलेलं. म्हणजे त्यांनी विचारलं, "मला जमेल का रे?" आणि मी, एकवीस वर्षांचा, जगातलं सगळं येणारा, म्हणालो, "मी आहे ना, काकू."

फॉर्मही मीच भरून दिला. 'शिक्षण' या रकान्यापाशी पोचलो आणि बारावी लिहायला लागलो, कारण काका चारचौघांत नेहमी सांगायचे, आमची शैला तेव्हाची बारावी. काकूंनी माझं मनगट धरलं.

"दहावी लिही."

"पण काका तर..."

"त्यांना ठाऊक नाही." काकूंनी दाराकडे बघितलं. "बारावीला इंग्रजीत गेले मी. परत बसणार होते, तेवढ्यात हे स्थळ आलं. बघायला आले तेव्हा मामांनी ठोकून दिलं, पोरगी बारावी पास. मी मान खाली घालून बसले. तेव्हापासून तीस वर्षं जो विचारील त्याला बारावी सांगते, आणि दरवेळी विषय बदलते." मग त्या एकदम ताठ बसल्या. "एकदा खरंखुरं पास व्हायचंय मला. पास झाले की त्याच दिवशी यांना सगळं सांगणार. नापास झाले तर नाही सांगणार. आणि तू तर मेलास तरी सांगायचं नाहीस."

मी दहावी लिहिलं. त्यानंतर काकूंची परीक्षा हा माझ्याच डोक्याला ताप झाला.

आता परीक्षेचा मोसम आणि वाळवणाचा मोसम आपल्याकडे एकाच वेळी का येतात, कोण जाणे. पोरं पुस्तकात डोकं घालून, आणि त्याच घरात पातेल्यात गहू भिजत पडलेले. काकू मूळच्या नगरकडच्या. त्यांच्याकडे कुरडई म्हणजे धर्म. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून पिळून चीक काढायचा. त्या आंबूस वासाने आमचा अख्खा जिना भरून जायचा. चीक शिजवताना तो ढवळायला दोन माणसं लागतात. मी आणि काका आळीपाळीने ढवळायचो आणि मोबदला म्हणून वाटीभर गरम चीक, वर तूप-साखर. जीभ भाजायची आणि आम्ही थांबायचो नाही. मग सकाळी सकाळी गच्चीवर जुन्या सुती साडीवर सोऱ्या फिरायचा, एक वेढा, दोन वेढे, तीन, आणि मनगटाला झटका देऊन तुकडा तोडायचा. काकूंच्या कुरडया एका मापाच्या यायच्या. माझ्या एकेक वेगळ्या आडनावाच्या. कावळ्यांसाठी काळी छत्री उलटी टांगून ठेवलेली, आणि तळवे इतके पोळायचे की मी नाचतच खाली यायचो. आम्ही कोकणातले, आमच्याकडे फणसाचे पापड. ते एकदा प्रेमाने नेऊन दिले तर काकू म्हणाल्या, "छान आहेत हो. बुटाला सोल लावायला उपयोगी पडतील."

तर प्रोजेक्टचा विषय काय घ्यायचा, हा प्रश्नच नव्हता. कुरडईचं पान. वर नाव, खाली माहिती आणि मधे ॲनिमेशन: कढईत कुरडई पडते आणि फुलते. ॲनिमेशन दोघांत मिळून करायला परवानगी होती, पान मात्र ज्याचं त्याने लिहायचं.

कुरडई मी दोन दिवसांत काढली. काकूंनी बघितली आणि म्हणाल्या, "ही पोहतेय."

"म्हणजे?"

"अरे, तेलात टाकली की आधी तळाला जाते. मग अंग झाडते. मग वर येते, आणि मग फुलते. तुझी बया पहिल्यापासून वर तरंगतेय. तेल तापलं नाहीये तुझं."

मग त्यांच्या स्वयंपाकघरात अभ्यास. कढई चढवली, काकू एकेक कुरडई सोडणार, मी घड्याळ धरून बसणार. काळपट पिवळी जाळी तळाला टेकते, क्षणभर काहीच होत नाही, मग कडेने बारीक बुडबुडे सुटतात आणि चर्र करून ती सगळीकडून एकदम मोकळी होते, तिप्पट मोठी, पांढरीशुभ्र. बघताना दरवेळी हसू यायचं मला, अजून येतं. मोजमापासाठी त्या दिवशी बावीस कुरडया तळल्या आणि शास्त्राच्या नावाखाली त्या सगळ्या मी आणि काकांनी खाल्ल्या. काका अधूनमधून विचारायचे, "यातून नक्की काय शिकवतात तुम्हाला?" आणि पुढची उचलायचे.

कोड लिहिण्यात मी वेगवान आणि काकू गोगलगाय. पण एक गोष्ट मी आजही कबूल करतो. एक टॅग उघडला की तो मिटायचा, हे मला नियम म्हणून माहीत होतं, त्यांना तो हाताला माहीत होता. स्वयंपाकघरात डबा उघडून झाकण न लावता पुढे गेलेलं त्यांना आयुष्यात खपलं नव्हतं. टाइप करताना पुटपुटायच्या, "उघडला... मिटला. उघडला... मिटला." लिहून झालं की तांदूळ निवडावेत तसं बोट पडद्यावर ठेवून ओळ न् ओळ वाचायच्या. मी हसायचो. "काकू, असं कोणी वाचत नाही." "मग खडे कोण काढतं?" त्या विचारायच्या.

तो मोठा आकडा घालवायची युक्ती सरांनी सांगितली. ऑब्जेक्टमध्ये आकडा द्यायचाच नाही. फाइल कुठल्या प्रकारची आहे आणि कुठे ठेवली आहे, एवढंच सांगायचं. दोन्ही ब्राउझरला कळतं आणि पट्टीही हिरवी येते. फक्त एका ब्राउझरची खोड अशी, की अख्खी फाइल उतरेपर्यंत तो कोरा चौकोन दाखवत बसायचा. त्यावर उपाय म्हणून आधी एक इवलीशी रिकामी फाइल ठेवायची आणि तिने मोठीला बोलवायचं. हे पहिल्यांदा जमलं आणि दोन्ही पडद्यांवर आमची कुरडई एकदम फुलली, तेव्हा काकूंनी क्लासमध्ये सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मी लाजलो आणि खूशही झालो.

अजून एक गोष्ट सरांनी सांगितलेली. ऑब्जेक्ट उघडतो आणि मिटतो, त्याच्या मधल्या जागेत काहीतरी लिहा. ज्याच्या मशीनवर चित्र हलू शकत नाही, त्याला ते दिसेल. आम्ही सगळ्यांनी लिहिलं, 'कृपया प्लेयर इन्स्टॉल करा.' काकूंना ते पटेना.

"घरी आलेल्या माणसाला दारातूनच सांगायचं, जा, आधी ते घेऊन ये? चहा तरी विचारा." आणि त्यांनी त्या मधल्या जागेत कुरडईची सगळी कृती लिहून काढली. गहू भिजवण्यापासून ते 'तेलात टाकल्यावर आधी तळाला जाते, घाबरू नये, मग फुलते' इथपर्यंत.

परीक्षेच्या आदल्या दुपारी मी माती खाल्ली. कोपर स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत दोघांची पानं एकदा बघून घ्यावी म्हणून गेलेलो, तर तिथल्या कुठल्याशा जुनाट ब्राउझरमध्ये कुरडई हलेना. कोरा चौकोन. माझं धाबं दणाणलं. परीक्षक बाहेरचा येणार, त्याच्याकडे हाच ब्राउझर असला तर? आणि सर काही प्रत्येक पान तपासून बघत नाहीत, पाचातलं एखादं बघतात, असं मला पक्कं वाटत होतं. मी ऑब्जेक्टच्या पोटात गुपचूप एम्बेड घातला. माझ्या पानात घातला, आणि उपकार म्हणून काकूंच्याही. कृतीच्या बरोब्बर वर. चित्र हललं. काकूंना सांगितलं नाही, कारण त्यांनी मला ते करू दिलं नसतं.

परीक्षेच्या सकाळी अकरा वाजता आम्ही जिन्यात रांगेने उभे. परीक्षक स्वतःचा लॅपटॉप घेऊन आलेले. पहिला मुलगा बाहेर आला तो रडवेला. "प्रत्येकाचं पान तपासणीला टाकतायत. मला लाल."

प्रत्येकाचं. माझं जाऊ दे, मी ऑक्टोबरला बसेन, मला काय धाड भरलीये. पण काकू? मी वळलो तर त्यांचं नाव पुकारलेलं, आणि त्या पदर खोचून आत चाललेल्या. काचेचं दार मिटलं.

काचेला नाक लावून मी बघत राहिलो. परीक्षकांनी पान उघडलं. पुढे वाकले, वाचायला लागले. वाचतच राहिले. त्यांच्या लॅपटॉपवर प्लेयर नव्हताच. बाकी सगळ्यांच्या पानावर तिथे 'कृपया प्लेयर इन्स्टॉल करा' एवढंच आलं, हे मला मागाहून कळलं. काकूंनी हाताने काहीतरी दाखवलं, सोऱ्या फिरवल्यासारखं. परीक्षक हसले. मग क्लासच्या दोन्ही ब्राउझरमध्ये कुरडई फुलवून बघितली, आणि मग इंटरनेटच्या मशीनपाशी गेले. ती साइट उघडायला युगं लागायची. मी मनातल्या मनात देवाला म्हणालो, माझ्या मूर्खपणाची शिक्षा मला दे, काकूंना नको. असा मनापासून मी स्वतःसाठीही कधी बोललो नव्हतो.

पट्टी आली. हिरवी.

मला कळेचना. काकू बाहेर आल्या त्या जवळजवळ धावतच. "हिरवं, मंदार! हिरवं! पास म्हणाले!"

"पण काकू, त्यात तो एम्बेड..."

"ते होय? सकाळी आठला येऊन सगळं परत वाचलं, तर माझ्या कृतीच्या डोक्यावर हे कोण येऊन बसलंय! म्हटलं माझ्याच हातून काहीतरी पडलं. काढून टाकलं."

"मी घातलेला तो. माझ्यात पण आहे!"

"मग काढ ना!"

आणि माझं नाव पुकारलं.

पाच लाल ओळी. पाध्ये सरांनी नुसतं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, ऑक्टोबरच्या दिशेने बघितलं. सिद्धी इथे इतकी हसली की तिच्या मॅनेजरने मान वर करून बघितलं.

फ्लॅश पुढे बंदच झाला. आता कुठलाच ब्राउझर तो चालवत नाही. त्या काळातली नाचणारी, उडणारी, चमकणारी सगळी पानं आज उघडली तर मधे भोक पडल्यासारखी दिसतात. गेल्या वर्षी एक जुनी सीडी सापडली, ऑफिसातल्या अडगळीतल्या ड्राइव्हवर चालली. माझं पान उघडलं तर मधे नुसतं 'कृपया प्लेयर इन्स्टॉल करा.' काकूंचं उघडलं तर पहिल्या ओळीपासून कृती. मी शहाडला फोन लावला. काकू आता तिकडे मुलाकडे असतात, सत्तरीला आल्या, आवाज तस्साच. म्हटलं, "काकू, तुमचं पान अजून वाचता येतं." त्या म्हणाल्या, "मग? मीठ बरोबर लिहिलंय का बघ."

परीक्षेच्या त्या दिवशी मात्र आम्ही क्लासमधून निघालो ते पेढे घेऊन. नापासाने पासाचे पेढे धरलेले. तीन मजले चढेपर्यंत काकू चार वेळा थांबल्या. दम लागला म्हणून नाही. "सांगू ना रे? की राहू दे?" मी म्हटलं, "काकू, तुम्ही शब्द दिलाय." "कोणाला?" "मला." "तुझं काय ऐकायचं, तू नापास," असं म्हणून त्यांनी बेल दाबली.

काका पेपर वाचत होते. पेढा हातात घेतला, आता तोंडात टाकणार, तर काकू म्हणाल्या, "थांबा. आधी ऐका." आणि उभ्या उभ्या, एका दमात सांगून टाकलं. इंग्रजी, मामा, तीस वर्षं, सगळं. मी दारातच. काकांचा पेढा तसाच हातात.

"बारावीचं ना?" काका म्हणाले. "मला माहितीये."

"काय माहितीये?"

"अगं, साखरपुड्यातच तुझा धाकटा भाऊ बोलून गेला मला. ताईला इंग्रजीत अठ्ठावीस."

काकूंचा चेहरा लाल झाला. "तीस वर्षं माहितीये? आणि चारचौघांत बारावी, बारावी करत फिरता?"

"तू एवढं मन लावून लपवत होतीस. म्हटलं, आपण कशाला मोडता घाला."

मला वाटलं आता पेढ्यांचा बॉक्स खिडकीतून जातोय. काकूंनी तो टीपॉयवर ठेवला. चष्मा काढला, डोळे पुसले, चष्मा परत लावला.

"उठा," त्या म्हणाल्या.

"आता कशाला?"

"उठा म्हणते ना. आणि विचारा परत. तेव्हा मामा बोलले. आता मी बोलणार."

काका उठले. पेपर घडी करून ठेवला, सदरा खाली ओढला, एकदा माझ्याकडे बघितलं आणि घसा खाकरला.

"मुलीचं शिक्षण किती झालंय?"

काकूंनी मान वर केली आणि सरळ त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

"वेब डिझायनिंग," त्या म्हणाल्या. "पहिल्या झटक्यात पास."